कंठ फुटल्यानंतर : ‘गेट इट टुगेदर’ (१९७३) आणि ‘जॅक्सन फाइव्ह’चे फंककडे वळण

सारांश

अमेरिकेतील मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ‘जॅक्सन फाइव्ह’ या किशोरवयीन गायकसमूहाचा ‘गेट इट टुगेदर’ हा अल्बम सप्टेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोड, सोप्या आणि बालसुलभ पॉप गीतांकडून लयप्रधान फंक संगीताकडे झालेले वळण हे या अल्बमचे मुख्य वैशिष्ट्य होय. हे वळण सामान्यतः बदलत्या बाजाराचा परिणाम म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या मताची फेरतपासणी केली आहे. बालगायकाचा कंठ फुटल्यानंतर निर्माण होणाऱ्या कलात्मक पेचाला फंकने उत्तर दिले, परंतु ज्या सामूहिकतेचा अनुभव हे संगीत देते तिचा हक्क प्रत्यक्ष निर्मितीत या भावांना मिळाला नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्या अनुषंगाने लोकप्रिय संगीताच्या मराठी समीक्षेत लयविचाराला स्थान मिळण्याची गरजही मांडली आहे.

बीजसंज्ञा : फंक, लय, सम, बालगायक, मोटाउन, कलात्मक स्वायत्तता, लोकप्रिय संगीत.

प्रस्तावना

१ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल जॅक्सन यांचा जाहीर कार्यक्रम झाला. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांपर्यंत हे नाव पोहोचले ते प्रामुख्याने त्यांच्या नृत्यामुळे. यंत्रासारखे तुटक हलणारे अंग, एका क्षणात गोठणारी आणि दुसऱ्या क्षणी वाहू लागणारी देहबोली यांची नक्कल स्नेहसंमेलनांच्या रंगमंचावर वर्षानुवर्षे होत आली आहे. मात्र या देहबोलीचा उगम एका मोठ्या सांगीतिक स्थित्यंतरात आहे आणि ते स्थित्यंतर एकट्या मायकल यांचे नसून पाच भावांच्या समूहाचे आहे, याची जाण आपल्याकडे क्वचितच आढळते. या स्थित्यंतराचा पहिला सलग दस्तऐवज म्हणून ‘गेट इट टुगेदर’कडे पाहता येते.

हा अल्बम आकाराने लहान आहे. त्यात आठ गाणी आहेत. ‘जॅक्सन फाइव्ह’च्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत त्याची गणना होत नाही. तरीही समीक्षेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरतो, कारण त्यात एक अडचण आणि तिच्यावरील उपाय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ऐकू येतात. ती अडचण कोणती आणि उपाय कितपत पुरेसा ठरला, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पार्श्वभूमी : दोन कारखाने

जॅकी (जन्म १९५१), टिटो (१९५३), जर्मेन (१९५४), मार्लन (१९५७) आणि मायकल (१९५८) हे पाच भाऊ इंडियाना राज्यातील गॅरी या गावचे. हे गाव १९०६ मध्ये एका पोलाद कंपनीने आपल्या कारखान्यासाठी वसविले. मुलांचे वडील जोसेफ जॅक्सन हे पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवीत. कृष्णवर्णीय श्रमिक वस्तीतील लहानशा घरात, वडिलांच्या कडक शिस्तीखाली या मुलांची तालीम झाली. त्यांच्या आरंभीच्या कार्यक्रमांत जेम्स ब्राउन यांची गाणी असत. १९६८ मध्ये मोटाउन कंपनीपुढे दिलेल्या परीक्षेतही मायकल यांनी जेम्स ब्राउन यांचेच गाणे सादर केले होते. ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फंकचे बीज या मुलांच्या घरात आधीच होते. ते बाहेरून आणून लावलेले रोप नव्हते.

१९६९ मध्ये त्यांचा मोटाउनशी करार झाला. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन केलेली ही कंपनी हा एका अर्थाने दुसरा कारखानाच होता. गॉर्डी यांनी पूर्वी मोटारीच्या कारखान्यात काम केले होते. सुट्या भागांपासून पूर्ण मोटार तयार होत जाणारी तेथील जुळणीची पद्धत त्यांनी गाण्याच्या निर्मितीला लागू केली. गीतकार वेगळे, वादक वेगळे, गायक वेगळे, आणि शेवटी मालाची तपासणी करणारी बैठकही वेगळी. ‘जॅक्सन फाइव्ह’साठी तर गॉर्डी, फ्रेडी पेरेन, अल्फोन्झो मिझेल आणि डिक रिचर्ड्स यांचा ‘द कॉर्पोरेशन’ नावाचा गटच गाणी रचीत असे. या पद्धतीचे यश विलक्षण होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये आलेले ‘आय वाँट यू बॅक’ आणि त्यामागोमाग आलेली तीन गाणी अशी सलग चार गाणी १९७० मध्ये अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. १९७१-७२ मध्ये या भावांवर आधारित व्यंगचित्रमालिकाही दूरचित्रवाणीवर दाखविली गेली.

व्यंगचित्रातील मुले मोठी होत नाहीत, गाणारी मुले मात्र मोठी होतात. या समूहाचा पुढील पेच येथेच सुरू होतो.

कंठाचे वय

‘आय वाँट यू बॅक’ प्रसिद्ध झाले तेव्हा मायकल अकरा वर्षांचे होते. त्यांच्या त्या आवाजाची जादू एका विसंगतीवर उभी होती. प्रौढांच्या विरहाची भाषा एक लहान मुलगा निरागस, टिपेच्या आवाजात बोलत होता. ‘गेट इट टुगेदर’ आला तेव्हा ते पंधरा वर्षांचे आणि थोरले जॅकी बावीस वर्षांचे होते. कंठ फुटत होता, आणि कंठ फुटला की ती विसंगती संपते. तेच शब्द आता एक तरुण बोलतो, आणि तरुणाने असे बोलण्यात नवल काही उरत नाही.

मराठी रसिकांना हा पेच नवा नाही. संगीत नाटकमंडळ्यांत बालनटाचा कंठ फुटणे हा मंडळीच्या अर्थकारणावरच आघात असे. केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी बालवयात ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेत नाव मिळविले. ती कीर्ती मुलाच्या कोवळ्या कंठाची होती. पुढे त्यांना आपल्या गाण्याची आणि भूमिकांची नवी मांडणी करावी लागली. बालकलावंताने प्रौढत्वात पाऊल कसे टाकावे, हा प्रश्न गॅरीच्या मुलांपुढे जसा होता तसाच तो मराठी रंगभूमीपुढेही अर्धशतकापूर्वी उभा राहिला होता. मात्र केशवरावांच्या उत्तराला एक आणखी बाजू होती. तिचा विचार पुढे केला आहे.

मार्च १९७३ मध्ये आलेल्या ‘स्कायरायटर’ या अल्बमने हा पेच उघड केला. त्यात नाट्यगीतांच्या ढंगाची, गोड पॉपची, हळव्या प्रेमाची अशी अनेक तऱ्हेची गाणी होती. समूहाला नेमके कोणत्या वयाचे म्हणून सादर करावे, हे कंपनीला उमगलेले नाही असे ती निवड ऐकताना जाणवते. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी ‘गेट इट टुगेदर’ आला आणि त्यात ही अनिश्चितता जवळजवळ नाहीशी झालेली दिसते.

फंक : सम आणि ‘वन’

या बदलाचे स्वरूप समजून घेण्यासाठी फंक संगीताच्या रचनेकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. १९६५ ते १९६७ या काळात जेम्स ब्राउन यांनी आपल्या वाद्यवृंदाकडून जी नवी मांडणी करून घेतली तिच्यातून फंकचा उदय झाला. ‘कोल्ड स्वेट’ (१९६७) हे त्याचे ठळक उदाहरण मानले जाते. चार मात्रांच्या आवर्तनातील पहिल्या मात्रेवर सर्व वाद्यांचा भार देणे हे या मांडणीचे सूत्र होय. या मात्रेला ते वादक ‘द वन’ म्हणत. उरलेल्या जागेत प्रत्येक मात्रेचे बारीक भाग पाडून त्यांत बेस गिटार, ड्रम, गिटार, कळपट्टीची वाद्ये आणि शिंगवाद्ये आपापले तुटक बोल बसवितात. कोणतेही एक वाद्य पूर्ण धून वाजवीत नाही. एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो आणि सर्वांच्या तुकड्यांतून मिळून एक ठेका उभा राहतो. गिटारही येथे सुरांपेक्षा आघाताच्या वाद्यासारखी वागते.

‘वन’ची तुलना आपल्या समेशी करण्याचा मोह होतो, आणि ती काही अंशी योग्यही आहे. दोन्ही ठिकाणी पहिली मात्रा हे सर्वांचे भेटीचे स्थान असते. परंतु फरक महत्त्वाचा आहे. हिंदुस्थानी संगीतात सम ही पोहोचण्याची जागा असते. गायक दीर्घ आवर्तनातून फिरून तिच्याकडे येतो, आणि त्या आगमनाचा आनंद श्रोता मान डोलावून व्यक्त करतो. फंकमध्ये ‘वन’ ही निघण्याची जागा असते. ती दर चार मात्रांनी येते, धक्का देते आणि पुन्हा बाहेर ढकलते. त्यामुळे श्रोत्याची मान डोलत नाही, त्याचे पाय हलतात. लावणीच्या फडात ढोलकीचा तोडा समेवर येऊन थांबतो आणि क्षणभर सारा फड श्वास घेतो. फंकमध्ये असा विसावा बहुधा नसतो.

सामूहिकतेच्या बाबतीत मात्र आपल्या लोकपरंपरा फंकला अधिक जवळच्या आहेत. वाशीम जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत डफाच्या साथीने गायिली आणि नाचली जाणारी लेंगी हे त्याचे जवळचे उदाहरण होय. लेंगीचे शब्द कागदावर उतरवून त्यांचा अर्थ लावला तर तिचा निम्माही अनुभव हाती लागत नाही. डफाचा घाव, एकाने उचललेली ओळ, समूहाने दिलेले उत्तर आणि पावलांचा फेर हे सारे मिळून तो अर्थ घडतो. वारकऱ्यांच्या पावलीतही टाळ, मृदंग आणि पाऊल यांची अशीच वाटणी दिसते. अशा संगीतात कोणा एकाचा कंठ सर्वस्व नसतो. कंठ फुटलेल्या बालगायकाच्या समूहाला फंक का उपयोगी पडले, याचे उत्तर येथेच मिळते. सगळा भार एका कोवळ्या आवाजावर टाकणाऱ्या रचनेतून बाहेर पडून तो भार संपूर्ण समूहावर वाटण्याची सोय या संगीतात होती.

अल्बमचे परीक्षण

अल्बमच्या निर्मितीत हॅल डेव्हिस आणि नॉर्मन व्हिटफील्ड ही दोन नावे महत्त्वाची आहेत. व्हिटफील्ड यांनी ‘क्लाउड नाइन’ (१९६८) पासून ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ (१९७२) पर्यंत ‘टेम्प्टेशन्स’ या समूहाच्या गाण्यांतून मोटाउनच्या चौकटीत दीर्घ, गूढ आणि लयप्रधान रचनांची वाट पाडली होती. त्याच वाटेने हा अल्बम चालतो.

शीर्षकगीत ‘गेट इट टुगेदर’ हे अल्बमच्या आरंभी येते आणि पुढील सर्व गाण्यांचा पाया घालते. त्याची गती संयत आहे. पूर्वीच्या गाण्यांत सुरांचा धबधबा प्रारंभापासून अंगावर येत असे. येथे बेस आणि ड्रम आधी जागा आखून घेतात, आवाज मागाहून त्या जागेत शिरतात. मायकल येथे धून फुलवीत नाहीत. ते ओळींचे लहान तुकडे करतात, त्यांना आघात देतात आणि मध्ये मोकळी जागा सोडतात. गाण्यातील भूमिकाही बदलली आहे. पूर्वी विनवणी करणारा मुलगा आता समोरच्या व्यक्तीला वागणूक सुधारण्याची समज देतो. हे गाणे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रियता-यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले, मुख्य यादीत मात्र अठ्ठाविसाव्या क्रमांकावर थांबले. बाजारासाठीच हा बदल केला असे मानले तर हा अनुभव उत्साहवर्धक नव्हता. त्यातून दिसते ते एवढेच की या समूहाचे ऐकणारे कोण, हा प्रश्नही याच सुमारास बदलत होता.

अल्बमचा मध्यबिंदू म्हणजे ‘हम अलाँग अँड डान्स’. व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांची ही रचना ‘टेम्प्टेशन्स’ने १९७० मध्येच गायिली होती. ‘जॅक्सन फाइव्ह’ने ती साडेआठ मिनिटांपर्यंत वाढविली. तीन मिनिटांत आटोपणाऱ्या गाण्यांवर उभ्या राहिलेल्या समूहासाठी ही लांबी स्वतःच एक विधान आहे. या गाण्याचा विषय असा की त्याला शब्द नाहीत, श्रोत्याने नुसते गुणगुणावे आणि नाचावे. शब्द नसल्याची गोष्ट शब्दांतूनच सांगण्याचा हा विनोद आहे, पण त्यामागील विचार गंभीर आहे. ज्या समूहाची कीर्ती प्रेमगीतांतील लडिवाळ शब्दांवर उभी होती, तो समूह येथे शब्दांना रजा देतो. आवाज वाद्यांत मिसळतात, वाद्ये आवाजांशी बोलतात आणि गायक व वादक यांच्यातील रेषा पुसट होते. विशेष म्हणजे याच वर्षी ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क हा तरुण घरगुती नृत्यसमारंभात गाण्यांतील नुसत्या ठेक्याचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून हिप-हॉपचा पाया घालीत होता. शब्दांकडून ठेक्याकडे झुकणारा हा काळच होता.

‘ममा आय गॉटा ब्रँड न्यू थिंग’ हे सात मिनिटांहून अधिक लांबीचे गाणे याच पद्धतीचे आहे. आपल्याला काही नवे गवसले आहे, नकार देऊ नकोस, अशी आईला केलेली विनंती त्याच्या शीर्षकातच आहे. घर सोडून निघण्याच्या उंबरठ्यावरील या वयाला ती शोभते. शिवाय हे गाणे ऐकताना ‘नवे’ म्हणजे हे संगीतच, असाही अर्थ श्रोत्याच्या मनात उमटत राहतो.

सर्वच गाण्यांना हे यश लाभलेले नाही. ‘रिफ्लेक्शन्स’ ही ‘सुप्रीम्स’ या स्त्रीसमूहाने १९६७ मध्ये गाजविलेली रचना. गतकाळाच्या आठवणींचे ते गाणे पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी बळेच घातल्यासारखे वाटते. ‘डोन्ट से गुडबाय अगेन’मध्येही जुन्या हळवेपणाकडे परतण्याची ओढ जाणवते. येथे एक व्यापक आक्षेपही नोंदविला पाहिजे. आठांपैकी निम्मी गाणी कंपनीने याआधी आपल्याच इतर गायकांकडून गाऊन घेतलेली होती. नव्या वळणासाठीही कोठारातील जुनाच माल काढला गेला, असे म्हणावे लागते.

अल्बमच्या शेवटी ‘डान्सिंग मशीन’ येते. हॅल डेव्हिस, डॉन फ्लेचर आणि गिटारवादक डीन पार्क्स यांची ही रचना. एका नर्तिकेला ती अविरत चालणाऱ्या यंत्राची उपमा देते. नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘सोल ट्रेन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हे गाणे सादर करताना मायकल यांनी सांधे गोठवून हलण्याचे ‘रोबॉट’ नृत्य केले आणि ते देशभर पसरले. १९७४ मध्ये हे गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले तेव्हा मुख्य लोकप्रियता-यादीत दुसऱ्या आणि कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. डिस्कोच्या आगमनाची चाहूल त्यात आहे. फंकमधील तुटक संवादाची जागा येथे अधिक सलग, समान आघातांच्या ठेक्याने घेतली आहे.

या गाण्यातील प्रतिमेचा विचार केवळ नृत्यापुरता करता येत नाही. पोलाद कंपनीने वसविलेल्या गावातील मुले, मोटार-कारखान्याच्या पद्धतीने गाणी घडविणाऱ्या कंपनीत, यंत्राचे गाणे गातात आणि त्यांतील एक स्वतः यंत्र होऊन नाचतो. वरवर पाहता हे गाणे एका स्त्रीचे कौतुक आहे. परंतु मायकल यांनी ती उपमा स्वतःच्या देहावर घेतली तेव्हा तिचा अर्थ पालटला. यंत्र होऊन दाखविणाऱ्या देहात यंत्र नसलेला माणूस दिसू लागला. गोठलेला सांधा पुन्हा सुटतो त्या क्षणी प्रेक्षकाला जो आनंद होतो तो या सुटकेचाच असतो.

स्वायत्ततेचा प्रश्न

येथपर्यंतच्या विवेचनावरून हा अल्बम म्हणजे समूहाच्या मुक्तीची कहाणी आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती अधिक अवघड आहे. फंकचे सारे तत्त्व परस्परांना जागा देणाऱ्या वादकांच्या संवादात आहे. रंगमंचावर टिटो गिटार आणि जर्मेन बेस गिटार वाजवीत असत. ध्वनिमुद्रिकांवर मात्र कंपनीचे व्यावसायिक वादक वाजवीत. गाणी रचण्याची मुभाही भावांना नव्हती. म्हणजे अल्बममध्ये जो सामूहिक संवाद ऐकू येतो त्याचा वाद्यसंगीताचा भाग दुसऱ्यांचा आहे. एकत्र येण्याचा आग्रह धरणारे शीर्षक ज्यांच्या नावावर आहे, त्यांना एकत्र बसून वाजविण्याची आणि रचण्याची संधी त्यात मिळालेली नाही.

मोटाउनमध्ये हे सर्वांच्याच वाट्याला आले असे नाही. मार्विन गे यांनी ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) स्वतःच्या निर्मितीखाली केला. बालगायक म्हणूनच कंपनीत आलेल्या स्टीव्ही वंडर यांनी १९७१ मध्ये एकविसावे वर्ष पूर्ण होताच नवा करार करून घेतला आणि निर्मितीचे स्वातंत्र्य मिळविले. ‘सुपरस्टिशन’ (१९७२) हे त्यांचे गाजलेले फंक-गीत त्यानंतरचे आहे. दोन्ही संगीतांत फंकचे घटक आहेत, फरक अधिकाराचा आहे. वंडर यांच्या लयीत प्रयोगाचे धाडस आहे. ‘गेट इट टुगेदर’मधील लय उत्कृष्ट कारागिरीची आहे, तिच्यात चूक करून पाहण्याची मुभा ऐकू येत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की श्रोत्याला ऐकू येते ते संगीत, त्यामागील करार नव्हे. तबकडीवर बेस कोणी वाजविला याने तिच्या सौंदर्यात काय फरक पडतो? हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. मराठी नाट्यसंगीतातही पद रचणारा, चाल देणारा आणि गाणारा वेगवेगळे असत आणि त्यामुळे ते पद उणे ठरत नसे. येथे त्याचे उत्तर असे देता येईल की सौंदर्य कमी होत नाही, पण कलावंताच्या विकासाची दिशा अडते. या अल्बमने जे दार उघडले त्यातून पुढे जाण्यासाठी भावांना कंपनीच सोडावी लागली. १९७५ मध्ये त्यांनी एपिक या कंपनीशी करार करण्याचा निर्णय घेतला. बेरी गॉर्डी यांच्या कन्येशी डिसेंबर १९७३ मध्ये विवाहबद्ध झालेले जर्मेन मोटाउनमध्येच राहिले. ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नावही कंपनीकडे राहिले, आणि भावांना ‘द जॅक्सन्स’ या नावाने नव्याने सुरुवात करावी लागली. ‘डेस्टिनी’ (१९७८) या अल्बमची निर्मिती आणि बहुतांश रचना त्यांची स्वतःची आहे. पुढच्याच वर्षी मायकल यांचा ‘ऑफ द वॉल’ आला.

केशवराव भोसल्यांच्या उत्तराची उरलेली बाजू येथे स्पष्ट होते. बालनट म्हणून दुसऱ्याच्या मंडळीत नावारूपाला आलेल्या केशवरावांनी १९०८ मध्ये, ऐन अठराव्या वर्षाच्या आसपास, ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. जुलै १९२१ मधील ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात ते बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले. शारदा ते धैर्यधर हा प्रवास केवळ आवाज बदलल्याने झाला नाही. काय सादर करायचे हे ठरविण्याचा अधिकार हाती आल्यानेही तो झाला. प्रौढ कंठाला प्रौढ अधिकाराची जोड लागते, हे दोन्ही उदाहरणांतून सारखेच दिसते.

मराठी समीक्षेच्या संदर्भात

मराठीत सुगम आणि लोकप्रिय संगीताची समीक्षा मुख्यतः काव्य आणि चाल या दोन अंगांनी झाली आहे. भावगीताच्या परंपरेला ही दृष्टी पुरेशी होती, कारण तेथे ठेका बहुधा साथीपुरता असतो. लयप्रधान गाणे समोर आले की मात्र ही दृष्टी अडखळते आणि ‘नुसता ठेका आहे’ असा शेरा मारून मोकळी होते. ‘सैराट’ (२०१६) मधील अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’चे शब्द बाजूला काढून तपासले तर फारसे हाती लागत नाही. पण त्या ठेक्यावर गावोगावच्या वराती का थांबून राहिल्या, याचे उत्तर शब्दांत नाहीच. कोणत्या मात्रेवर भार आहे, कोठे जागा सोडली आहे, समूहाचा आवाज केव्हा आत येतो, हे प्रश्न विचारल्याखेरीज अशा गाण्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही. ते चांगले की वाईट हा निर्णय त्यानंतरचा आहे.

लयीची सूक्ष्म परिभाषा मराठीकडे नाही असे नाही. सम, काल, ठेका, तोडा, लग्गी, पावली, झील असे शब्द शास्त्रीय आणि लोकपरंपरेत रुळलेले आहेत. लोकप्रिय संगीताच्या चर्चेत त्यांचा उपयोग करण्याची सवय मात्र अद्याप लागलेली नाही. ‘गेट इट टुगेदर’सारख्या परक्या अल्बमचा अभ्यास या दृष्टीने उपयुक्त ठरतो. तेथील शब्द आपल्या ओळखीचे नसतात, त्यामुळे लयीकडे लक्ष देणे भागच पडते.

निष्कर्ष

१. ‘गेट इट टुगेदर’मधील फंककडील वळण हे केवळ बाजाराचे अनुकरण नव्हते. बालगायकाच्या कोवळ्या कंठावर उभे असलेले संगीत कंठ फुटल्यानंतर टिकणार नाही, या पेचावर तो रचनात्मक उपाय होता.

२. फंकमध्ये एका आवाजाचा भार समूहावर वाटला जातो. त्यामुळे भावांना वयाला साजेशी सांगीतिक भूमिका मिळाली. जेम्स ब्राउन यांच्या गाण्यांवर झालेल्या त्यांच्या पहिल्या संस्कारांशीही ती सुसंगत होती.

३. अल्बमचे यश समान नाही. ‘हम अलाँग अँड डान्स’, शीर्षकगीत आणि ‘डान्सिंग मशीन’ यांत नवे रूप पूर्णत्वास जाते. ‘रिफ्लेक्शन्स’सारख्या गाण्यांत कंपनीच्या जुन्या साठ्याची छाया राहते.

४. संगीतातील सामूहिकता निर्मितीच्या व्यवहारात उतरली नाही. वादन आणि रचना यांचा अधिकार नसल्यामुळे हे स्थित्यंतर अर्धेच राहिले. ते पूर्ण होण्यास भावांना कंपनी आणि आपले नावही सोडावे लागले.

५. लोकप्रिय संगीताच्या मराठी समीक्षेने शब्द आणि चाल यांच्या जोडीला लयीचा विचार करणे अगत्याचे आहे. त्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या फडांत, दिंड्यांत आणि तांड्यांवर आधीच नांदत आहे.

टिटो जॅक्सन यांचे सप्टेंबर २०२४ मध्ये निधन झाले. रंगमंचावर जी गिटार त्यांनी वर्षानुवर्षे वाजविली ती या अल्बमवर ऐकू येत नाही. हा अल्बम ऐकताना ठेक्याचा आनंद आणि ही अनुपस्थिती या दोहोंची नोंद घेणे आवश्यक आहे. त्यांपैकी एकीवरच बोट ठेवणारी समीक्षा अपुरी ठरेल.